कोऱ्या डिस्कचा श्रावण

यंदाही श्रावणात ढग नुसतेच येऊन जाताहेत. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना वर बघितलं, तर बालाघाटाच्या डोंगरावरून करड्या ढगांची रांग चाललेली. हवा दमट, अंग चिकट, आणि खाली अंगणातली माती मात्र पायाला टोचेल इतकी कोरडी. असा श्रावण लागला की मला एका बंद खोलीचा वास येतो. गार लोखंड, तापलेलं प्लॅस्टिक आणि नव्या फ्लॉपीच्या पाकिटांचा मिळून होणारा वास. धाराशिवात गच्चीवर उभी असताना तो कुठून येतो, कुणाला सांगता येत नाही.

खाली येऊन फोन उघडला, तर त्यानं आपलं आपण नवं रूप घेतलं होतं. अक्षरं जरा गोल झाली होती, चिन्हं इकडची तिकडं सरकली होती. मी काहीही केलं नव्हतं. नात म्हणाली, "अपडेट झालाय आजी, काही करायचं नसतं." मी मान हलवली. चोवीस वर्षांची असताना मी एका यंत्राची अशीच प्रणाली बदलली होती. त्याला अख्खा श्रावण आणि अर्धा भाद्रपद लागला होता. हे तिला सांगावंसं वाटलं, पण भाजी करपत होती.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. कळंब तालुक्यात माळावर एक सहकारी साखर कारखाना होता, तिथं मी कॉम्प्युटर विभागात लागले. विभाग म्हणजे मी एकटी. वडील उमरग्याला एसटीच्या डेपोत मेकॅनिक. सोलापूरला राहून मी शिकले, आणि आमच्या बौद्धवाड्यातून यंत्राची नोकरी मिळवणारी पहिली मुलगी ठरले. वडिलांनी पेढे वाटले. मी ट्रंक घेऊन येरमाळ्याला उतरले आणि पुढं कारखान्याच्या जीपमधून माळावर आले, तेव्हा पेढ्यांची चव गेलीच होती.

पाऊस नव्हता, म्हणून ऊस नव्हता. ऊस नाही म्हणून बॉयलर थंड. धुराड्यावर घारी बसायच्या. हंगामात ज्या मैदानात ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या उभ्या राहायच्या, तिथं नुसती चुलींची काळी दगडं उरलेली. वसाहतीतली अर्धी कुटुंबं नातेवाइकांकडं निघून गेली होती. माझ्या डाव्या हाताचं घर बंद, उजव्या हाताचंही बंद. संध्याकाळी मी उंबऱ्यात बसून भाकरी खायची आणि समोरच्या बंद दारावर खडूनं काढलेली मुलांची चित्रं बघायची.

दिवसा मात्र मी त्या सगळ्या माळावरच्या एकुलत्या एका गार खोलीत असायची. यंत्र लोखंडी कपाटाएवढं. त्याला उष्णता सोसत नसे, म्हणून खोलीला दोन एसी. चार टर्मिनल, त्यातली तीन कापडाखाली झाकलेली. यंत्राच्या पोटात कारखान्याचे सगळे सभासद होते. चार-साडेचार हजार नावं. गाव, गट नंबर, ऊस कधी लावला, कोणत्या जातीचा. त्यावरून कुणाचा ऊस आधी तुटायचा ती पाळी ठरायची. पाळीवरून गावागावात भांडणं व्हायची, म्हणून तर यंत्र आणलं होतं. यंत्र कुणाच्या पाहुण्यातलं नसतं, असं आमचे साहेब भाषणात म्हणत.

त्या वर्षी यंत्राच्या कंपनीचं पत्र आलं. जुनी ऑपरेटिंग सिस्टीम आता बंद, पुढचे प्रोग्राम नव्यावरच चालतील. साहेब म्हणाले, "कारखाना बंदच आहे, उरकून घ्या." त्यांना वाटलं घड्याळाचा सेल बदलण्यासारखं काही असेल. मी समजावलं, की साहेब, हा घराचा पाया आहे. आधी सगळं सामान बाहेर काढायचं, घर पूर्ण पाडायचं, नवं उभं करायचं आणि सामान परत लावायचं. ते फाइलीत बघत म्हणाले, "सामान नीट काढा म्हणजे झालं."

पुण्याहून इंजिनिअर आला. तो दोन तास थांबला. अतिथिगृहात पाणी नव्हतं, म्हणून दुपारच्या गाडीनं परत गेला. जाताना फ्लॉपींचा खोका आणि जाडजूड पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाला, "दोन टेपवर बॅकअप घ्या. दोन्ही टेप शेवटपर्यंत वाचून बघा. मगच डिस्क पुसा. अडलं तर फोन करा." मी वहीत लिहून घेतलं. 'शेवटपर्यंत' या शब्दाखाली रेघसुद्धा मारली.

आणि तरी मी शेवटपर्यंत वाचल्या नाहीत. टेप वाचायला पाऊण तास लागे आणि वीज अर्ध्या-पाऊण तासानं जायची. पहिलीचं वाचन दोनदा मधेच तुटलं. तिसऱ्या दिवशी मी पहिलीची सुरुवात वाचली, बरोबर होती. दुसरीची सुरुवात वाचली, तीही बरोबर होती. वाटलं, सुरुवात बरोबर आहे तर शेवटही असेल. मग यंत्रानं इंग्रजीत विचारलं, सगळं पुसायचं, नक्की का? मी 'वाय' दाबलं. त्या बटणावर ठेवलेलं माझं बोट मला अजून दिसतं. नखात शाई होती.

पुढचे चार दिवस फ्लॉपी घालण्यात गेले. एक घालायची, यंत्र कुरकुर करत ती चाटूनपुसून वाचायचं, मग पुढची मागायचं. अठराव्या फ्लॉपीला वीज गेली, की परत पहिलीपासून. पुस्तक मांडीवर घेऊन मी एकेक ओळ हातानं टाइप करत होते. किती जागा कशाला द्यायची, कोणतं टर्मिनल कुठल्या वायरीवर, कोण वापरणार, त्याला काय बघू द्यायचं. पाचव्या दिवशी दुपारी हिरव्या अक्षरात नवी प्रणाली उभी राहिली आणि तिनं माझं नाव विचारलं. मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या. एसीच्या आवाजात त्या मलाच नीट ऐकू आल्या नाहीत.

मग टेप लावली. आधी प्रोग्राम उतरले. मग गावांची यादी उतरली. मग टेप थांबली. दुसरी लावली, तीही थांबली, थोडी पुढं जाऊन. सभासदांची फाइल दोन्ही टेपवर सगळ्यात शेवटी होती.

ट्रंक कॉल लागायला दीड तास गेला. लाइनीवर खरखर.

"शेवटपर्यंत वाचल्या होत्या ना?" इंजिनिअर विचारत होता.

मी वहीतल्या त्या रेघेकडं बघत होते.

"हॅलो? मॅडम, आहात ना?"

"आहे," मी म्हणाले.

"मग आता हातानं भरावं लागेल. दुसरा इलाज नाही."

फोन ठेवला आणि लक्षात आलं, की काय झालंय ते समजणारं माणूस या माळावर दुसरं नाही. घर जळालं तर लोक धावत येतात. इथं धूर नव्हता, आवाज नव्हता. यंत्र कालच्यासारखंच गुणगुणत होतं, शिपाई बाहेर विडी ओढत होता, आणि चार-साडेचार हजार माणसं माझ्या बोटानं पुसली गेली होती. घरी पत्र लिहायला बसले. 'मी मजेत आहे' लिहिलं आणि कागद फाडून टाकला.

साहेब दुष्काळाच्या बैठकीला मुंबईला गेले होते. ते यायच्या आत सांगायचं तर एकाच माणसाला सांगता येत होतं, आणि त्याच माणसाला सांगायची मला भीती होती.

भगवानराव ऊस नोंदणीचे जुने कारकून. कारखान्याचं पहिलं मोळीपूजन झालं तेव्हापासूनचे. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळं आकडे मनातल्या मनात उर्दूत मोजायचे. ओठ हलताना दिसत. सगळ्या सभासदांची रजिस्टरं त्यांनी टाकानं लिहिलेली. यंत्र आलं आणि ती रजिस्टरं कपाटात गेली. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलत. मी 'काका' म्हणायची, ते 'बाई' म्हणत.

मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले. "काका, माझ्या हातून चूक झाली. सभासदांची नावं गेली."

त्यांनी चष्मा काढला. "कंची नावं?"

"सगळी."

मला वाटलं, आता ते म्हणतील, म्या आधीच सांगितलं हुतं. त्यांनी तसं म्हणायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं. ते उठले, कमरेच्या चाव्या काढल्या, कपाट उघडलं. लाल कापडात बांधलेली रजिस्टरं एकेक करून टेबलावर ठेवली. कापडावरची धूळ उडाली आणि त्यांना ठसका लागला.

"मशीनमधली गेली," ते म्हणाले. "गावातली कुटं जात्यात? उद्या धा वाजता बसू. म्या वाचतो, तुमी लिवा."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बसलो. त्या खोलीत ते पहिल्यांदाच आत आले. चपला बाहेर काढल्या, गारव्यानं खांद्यावरचा पंचा डोक्याला गुंडाळला आणि खुर्ची माझ्यापासून दोन हात लांब ठेवून वाचू लागले. नंबर, नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, गट. मी टाइप करायची. यंत्राला मराठी येत नव्हतं, नावं इंग्रजी अक्षरांतून भरावी लागत. पहिल्याच दिवशी त्यांनी वाकून पडद्याकडं बघितलं.

"कळंब लिवलं?"

"हो."

"ह्यातला 'ळ' कंचा?"

"'ळ' नाही काका यात. 'ल'च लिहायचं."

त्यांनी रजिस्टरातल्या कळंबवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मग त्ये कलंब झालं की हो," आणि पुढचं नाव वाचलं.

फ्लॉपींबरोबर आलेल्या नव्या प्रोग्राममध्ये वारसाचा रकाना आला होता आणि तो भरल्याशिवाय यंत्र पुढं जात नसे. जुन्या रजिस्टरांत तो बहुतेक ठिकाणी कोराच. पण भगवानरावांना गावं तोंडपाठ. बोट ओळीवरून सरकायचं आणि ते सांगत जायचे. "ह्यो मयत. वारस ल्योक." "ह्यो पुण्याला हमालीला गेला, बायकू हितंच हाय, तिचं लिवा." "ह्याची हीर आटली, इकलं सगळं, पर सभासद हाय. लेकीचं नाव घाला." पावसाशिवायची ती दोन वर्षं त्यांच्या तोंडून ओळीओळीनं माझ्या बोटांत उतरत होती. मी इथं वर्षभर राहिले होते आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. मला सभासद नंबर माहीत होते.

खोलीच्या मागच्या भिंतीला एसीची नळी बाहेर काढलेली होती. कोरड्या उन्हाळ्यात ती ठिबकत नसे, पण त्या दमट, बिनपावसाच्या श्रावणात चांगली धार धरायची. एक दिवस खिडकीतून बघितलं, तर एक बाई घागर लावून बसलेली. पलीकडच्या धनगरवस्तीवरची सोजरबाई. घरचे पुरुष मेंढरं घेऊन कर्नाटकाकडं गेलेले, मागं ही, आंधळी सासू आणि दोन शेळ्या. मी जेवायच्या सुट्टीत मागं गेले.

"बाई, ह्ये पानी कशाचं वो?" तिनं विचारलं.

"हवेतलं."

ती हसायला लागली. "हवंत पानी हाय आन् आभाळात न्हाय व्हय?"

मग तिनं विचारलं, मी कोणाची. उमरग्याची, मी म्हणाले. "तसं न्हवं," ती म्हणाली. मी बौद्ध असल्याचं सांगितलं. तिचा हात घागरीच्या काठावर थांबला. वसाहतीत टँकर आला की नळीपाशी माझ्या बादलीला कुणी शिवत नसे आणि ती कुणी पुढंही घेत नसे. तो थांबलेला हात मला ओळखीचा होता. थोड्या वेळानं ती म्हणाली, "शेरडांला काय कळतंय," आणि घागर परत धारेखाली सरकवली. पुढं आठवड्याभरानं, धार बारीक पडली होती म्हणून ती भिंतीला टेकून बसली असताना, तिनं फडक्यातली भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढं धरली. आम्ही दोघींनी खाल्ली. भाकरीत मीठ जास्त होतं.

माझी चूक जेवढी लांबत होती, तेवढी तिची घागर भरत होती. हे मी भगवानरावांना बोलून दाखवलं नाही. पण काम संपत आलं तशी मला आनंदाऐवजी हुरहूर लागली. दहा वाजता चपला काढण्याचा आवाज, खोकला, "हं, लिवा बाई," एवढंच तर होतं. पण एवढं आधी नव्हतं.

शेवटचं रजिस्टर संपलं त्या संध्याकाळी मी यंत्राला मोजायला सांगितलं. एक नाव कमी भरलं. भगवानराव रजिस्टर कापडात बांधत होते.

"काका, एक कमी येतंय."

त्यांनी गाठ मारली. "उद्या बघू," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी लवकर आले. मधला कोणता नंबर नाही हे यंत्रानं लगेच सांगितलं. मी रजिस्टर सोडलं, पान काढलं. ओळ स्वच्छ लिहिलेली होती. सुभाष भगवान, पुढं आडनाव, गाव. आडनाव त्यांचं होतं.

शिपायाला विचारलं. तो माझ्याकडं बघतच राहिला. "तुमाला ठावं न्हाय? गेल्या उन्हाळ्यात हिरीत सुरुंग लावताना गेला की. भगवानरावांचा एकुलता." सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. मी येऊन तेव्हा दोनच महिने झाले होते, आणि मला कुणी काही सांगण्याइतकी मी कुणाची नव्हते. वर्षभर रोज त्या माणसाला नमस्कार केला होता मी.

दहा वाजता ते आले. चपला काढल्या, खुर्चीवर बसले नाहीत. रजिस्टर उघडं आहे हे त्यांनी दारातूनच बघितलं.

"काका," मी म्हणाले, "राहू द्यायचं असेल तर राहू दे. मी बेरजेत काहीतरी करते."

"न्हाय," ते म्हणाले. "लबाडी नगं. लिवा."

आणि त्यांनी रजिस्टरकडं न बघता सांगितलं. नंबर. सुभाष. मग थांबले. मग म्हणाले, "अधलं नाव नीट लिवा, त्ये माजं हाय."

मी लिहिलं. ते वाकले. त्यांना ती अक्षरं वाचता येत नव्हती. "कुटनं कुटवर?" मी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, इथून इथपर्यंत. त्यांनी माझ्या बोटाशेजारी आपलं बोट काचेवर ठेवलं, तेवढ्या जागेत. लगेच काढून घेतलं.

गाव भरलं, गट भरला. मग यंत्र वारसाच्या रकान्यावर येऊन थांबलं आणि ती हिरवी खूण लुकलुकत राहिली.

"आता काय इच्यारतंय?"

"वारस."

चार-साडेचार हजार वेळा त्यांनी या रकान्याला उत्तर दिलं होतं. मुलाच्या आधी आई गेलेली, लग्न झालं नव्हतं. कायद्यानं काय लिहायचं ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"पोराचा वारस बाप," ते हळू म्हणाले. "आसं उलटं म्या कवा लिवलं न्हाय, बाई."

"काका, तुम्ही जरा बसा," मी म्हणाले.

ते बसले. कंपनीनं प्रोग्राम उघडाच दिला होता, आतल्या ओळी बदलता येत. मी आत शिरले. रकाना कोरा असेल तर थांब, असं सांगणारी एक ओळ होती. ती शोधायला वीस मिनिटं लागली. काढली, प्रोग्राम परत बांधला. तोवर ते पंच्याची घडी घालत, मोडत, परत घालत होते. मी नोंद उघडली आणि वारसाच्या जागेवर काहीही न लिहिता पुढचं बटण दाबलं. यंत्रानं काही विचारलं नाही. आकडा बरोबर आला.

"झालं?"

"झालं काका."

ते उठले. दारापाशी चपला घालताना भिंतीला हात टेकला. "तुमच्या वडलांना चिठ्ठी धाडता न्हवं?" त्यांनी मागं न बघता विचारलं. मी हो म्हणाले. "धाडत जा," म्हणाले.

आठ दिवसांनी साहेब आले. मी नवी प्रणाली दाखवली. त्यांनी चष्म्याच्या वरून बघितलं. "हे तर आधीसारखंच दिसतंय की!" म्हणाले, आणि हंगाम लागेपर्यंत यंत्र बंद ठेवायला सांगितलं. यंत्र बंद करायच्या आदल्या दिवशी मी सोजरबाईला धार थांबणार म्हणून सांगून आले. तिनं "बरं" म्हणून घागर कमरेवर घेतली. पुढच्या महिन्यात परतीचा पाऊस थोडा झाला, आणि मेंढरांमागं ती गेली की वस्तीवरच राहिली, ते मला कळलं नाही. भगवानराव त्या वर्षअखेर निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात मी मागच्या रांगेत होते.

मी आणखी तीन हंगाम तिथं काढले आणि मग सोलापूरला नोकरी धरली. नव्या ठिकाणी एक दिवस कारखान्यातून फोन आला. माझ्या जागी लागलेली मुलगी होती, आवाजावरून विशी-बाविशीची. दबकत बोलत होती.

"मॅडम, सॉरी हं, त्रास देते. सभासदांच्या प्रोग्राममध्ये वारसाचा रकाना कोरा ठेवला तरी चालतोय. पुस्तकात तर लिहिलंय, चालायला नको. चूक राहिलीय का? मी दुरुस्त करू?"

तिच्या मागं एसीचा आवाज येत होता. मी विचारलं, "खोलीत एकटीच आहेस?"

"हो मॅडम. इथं एकटीच असते."

"चूक नाही ती," मी म्हणाले. "बस जरा निवांत. सांगते."